एसयूव्हीचे ब्रेक पॅड : कुठले घ्यायचे, आणि घरी बदलायचे का गॅरेजला टाकायचे?

दाजींच्या एसयूव्हीचे पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत. सर्व्हिस सेंटरने एक आकडा सांगितला, ओळखीच्या गॅरेजवाल्याने त्याच्या निम्मा सांगितला आणि मोबाइलवर तोच पार्ट त्याहून स्वस्त दिसतोय, त्यामुळे तीन दिवस झाले रोज संध्याकाळी दाजींचा फोन येतोय की नेमकं करू काय. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून होत नाही म्हणून सगळं एका जागी लिहितोय, अजून कुणी याच विचारात अडकलं असेल तर त्यालाही कामाला येईल. मी माझ्या स्कॉर्पिओचे पुढचे पॅड घरी तीनदा बदललेत, मागचे ड्रम ब्रेक एकदा उघडलेत आणि ते आता परत घरी उघडणार नाही.

आधी पैशाचं बोलू. व्हिडिओत जी माणसं घरी ब्रेक बदलताना दिसतात ती बहुतेक परदेशातली असतात, तिकडे मेकॅनिकची मजुरी एवढी महाग की कित्येकदा पार्टपेक्षा जास्त पैसे तिथेच वाचतात. आपल्या सोलापुरात तसं नाही. पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड टाकायला माझा गॅरेजवाला चार-पाचशे रुपये घेतो, म्हणजे घरी केलं तर वाचणार तेवढेच. आणि घरी करायला दोन चांगले जॅक स्टँड (उचललेली गाडी धरून ठेवणारे), टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच आवळणारा), सी-क्लॅम्प, ब्रेक क्लीनर, पिनांचं ग्रीस हे सगळं नवीन घेतलं तर चार-पाच हजार सहज जातात. पहिल्या वेळेला घरचं काम महागच पडतं दाजी, हे धरून चाला. पैसा वाचतो तो पार्ट निवडण्यात. घरी करायचं असेल तर ते मनासारखं नीट व्हावं म्हणून करायचं.

आता पार्ट. दुकानात गेलात की काउंटरवरचा विचारतो "ओरिजिनल का लोकल?" आणि आपण गोंधळतो, कारण प्रकार दोन नाहीत, चार आहेत.

पहिला म्हणजे गाडीच्या कंपनीच्या डब्यातला. डोळे झाकून बसतो, किंमत सगळ्यात जास्त. दुसरा मला सगळ्यात पटतो. गाडीची कंपनी बहुतेक वेळा ब्रेक स्वतः बनवत नाही, बाहेरून घेते, आणि जो बनवणारा आहे तो तसाच माल स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकतो. १९६२ साली सुरू झालेली ब्रेक्स इंडिया आहे, तिचा माल टीव्हीएस गर्लिंग नावाने मिळतो, राणे आहे, ब्रेम्बो आहे जिचा कारखाना आपल्या पुण्याजवळ चाकणला आहे. तुमच्या गाडीला मुळात कुणाचा ब्रेक आहे हे कॅलिपरवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारा भाग) किंवा जुन्या पॅडच्या पाठीवर बऱ्याचदा छापलेलं असतं, तेच नाव शोधा. माझ्या गाडीला असा सेट कंपनीच्या डब्यापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने स्वस्त पडला आणि पेडलमध्ये मला काही फरक जाणवला नाही.

तिसरा म्हणजे नावाजलेल्या कंपनीचा पण तुमच्या गाडीला मुळात नसलेला पॅड. हे वाईट नाहीत, फक्त थोडं वाचून घ्या. पॅडच्या कडेला किंवा पाठीवर बारीक अक्षरं असतात, त्यात शेवटची दोन, एफएफ किंवा जीजी अशी, घर्षणाची असतात. पहिलं अक्षर कमी तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. आकड्यात सांगायचं तर घर्षणांक, म्हणजे पकड, ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर एफ आणि दुसरं ई असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडणार, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर असताना घरातली सात माणसं घेऊन तुळजापूरचा घाट उतरायचा असेल तर मला तसा पॅड नको. काही डब्यांवर युरोपचा आर-९० चा शिक्का असतो, त्याचा अर्थ त्या पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर आहे असं तपासून घेतलेलं असतं. तो दिसला तर मी बिनधास्त घेतो.

चौथा म्हणजे बिननावाचा किंवा नाव सारखं दिसणारा पण डुप्लिकेट. हा घेऊच नका. सीट कव्हर लोकल चालतं, मॅट लोकल चालतं, ब्रेक नाही. डब्यावरची छपाई पुसट, कडेला अक्षरंच नाहीत, पत्र्याच्या कडा खरबरीत, होलोग्राम किंवा क्यूआर स्कॅन होत नाही आणि किंमत सगळ्या दुकानांपेक्षा निम्मी, यातलं काहीही दिसलं तर परत द्या.

ऑनलाइन घ्यायचं का दुकानातून? ऑनलाइन थोडं स्वस्त मिळतं हे खरं, पण एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे, व्हेरिअंटप्रमाणे पॅड वेगळा असू शकतो आणि चाक खोलून बसल्यावर कळलं की पॅड दोन मिलीमीटरने मोठा आहे तर गाडी दगडावर तशीच उभी राहते. दुकानात १७ अक्षरी चॅसी नंबर दाखवून घेता येतो, जुना पॅड नेऊन शेजारी ठेवून बघता येतो आणि नाही बसला तर तासाभरात बदलून मिळतो. पाच-सहाशेच्या फरकासाठी मी दुकानच धरतो, आणि पक्कं बिल घेतो.

डिस्कचं थोडक्यात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याच्या खाली गेली की बदला. ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरत असेल तर लेथवर घासून घेता येते, पण घासल्यावरही किमान जाडीच्या वर राहिली पाहिजे. भोकं पाडलेल्या, चरे मारलेल्या शोभेच्या डिस्कचा आपल्या रोजच्या वापरात काही उपयोग नाही.

आता घर का गॅरेज हा खरा प्रश्न. त्याआधी माझ्याबरोबर झालेलं सांगतो.

चार वर्षांपूर्वी मी कंपनीच्या डब्यातले पॅड घेऊन एका गॅरेजला टाकले. अर्ध्या तासात गाडी हातात, मीही खूश. वर्ष पुरं व्हायच्या आत अक्कलकोटहून येताना डाव्या पुढच्या चाकातून करकर आवाज यायला लागला, घरी येऊन हात जवळ नेला तर ते चाक उजव्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेलं. दुसऱ्या दिवशी चाक काढलं. बाहेरचा पॅड सात-आठ मिलीमीटर शिल्लक, म्हणजे अजून वर्षभर गेला असता, आणि आतला पॅड पत्र्यापर्यंत संपलेला, डिस्कच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर नखाला चरे लागत होते. कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढेमागे सरकतो त्यातली खालची पिन हाताने निघेनाच. पक्कड लावून फिरवत फिरवत काढली तर ग्रीस नावाला नाही, पिनेवर तांबूस गंज आणि त्यात बसलेली आपल्याकडची बारीक काळी धूळ, आणि रबराचा बूट एका बाजूने फाटलेला. पॅड बदलताना ती पिन बाहेर काढलीच नव्हती. पिन जाम म्हणजे कॅलिपर सरकत नाही, पिस्टन (कॅलिपरमधला पॅडला ढकलणारा भाग) एकट्या आतल्या पॅडला दाबत राहतो आणि ब्रेक सोडला तरी तो डिस्कला घासत राहतो. नवीन डिस्कचे पैसे गेले ते गेले, पण त्याच गाडीत महिनाभर आई पुढे बसत होती हे आठवून मला अजून बरं वाटत नाही.

पॅड चांगला होता, काम घाईत झालं होतं. म्हणून मी घरी करायला लागलो.

घरी केलं की वेळ आपला असतो. दोन्ही पिना काढून पुसायच्या, ब्रेक क्लीनरने धुवायच्या, सिलिकॉनचं ग्रीस लावायचं (साधं चाकाचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन परत अडकते), बूट फाटला असेल तर शे-दोनशेचं रबर किट टाकायचं. धूळ हवेने किंवा फुंकर मारून उडवायची नाही, ती छातीत जाते, ओल्या फडक्याने पुसायची. कॅलिपर नळीवर लोंबकळत सोडायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा. पिस्टन आत ढकलताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, आधी झाकण उघडून बघा, सांडलं तर रंग उडवतं. एका कॅलिपरला दोन पिस्टन असतील तर एक दाबताना दुसरा बाहेर येतो, दोन्ही सोबत दाबायचे. आणि एका वेळी एकच चाक खोलायचं म्हणजे कुठली क्लिप कशी होती हे दुसरीकडे बघता येतं.

पण घरी करायला जागा पाहिजे. माझं अंगण सपाट आहे, फरशी पक्की आहे. दाजींचं पार्किंग जुळे सोलापुरातल्या बिल्डिंगखाली उताराचं आहे, तिथे पावणेदोन-दोन टनांची गाडी जॅकवर घ्यायची नाही, मग स्टँड कितीही चांगला असो. नुसत्या जॅकवर तर कुणीच काम करू नये, स्टँड आणि मागच्या चाकाला दगड दोन्ही पाहिजे.

गॅरेजच्या बाजूने बोलायचं तर मागचं काम तिथेच करा. ड्रममध्ये स्प्रिंगा, अॅडजस्टर, हँडब्रेकची केबल असं बरंच असतं, मी एकदा उघडलं आणि एक स्प्रिंग उलटी बसली, हँडब्रेक लागेना, शेवटी मेकॅनिकला घरी आणून दुरुस्त करावं लागलं. काही नवीन गाड्यांना मागेही डिस्क असते आणि बटणाचा हँडब्रेक, तिथे स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) सर्व्हिस मोडला टाकल्याशिवाय पिस्टन दाबला तर आतली मोटर जाऊ शकते. ब्रेक ऑइलही गॅरेजलाच. ते हवेतलं पाणी शोषतं, नवीन डॉट ४ ऑइल २३० अंश सेल्सिअसच्या खाली उकळत नाही पण पाणी शोषल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. आणि बदलताना एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये एअर गेली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लागतो.

सर्व्हिस सेंटर कुणासाठी? गाडी वॉरंटीत असेल तर विचारच करू नका, तिथेच जा. पॅड वॉरंटीत येत नाहीत हे खरं, पण उद्या ब्रेकचंच दुसरं काही निघालं तर बाहेर काम केलं म्हणून वाद नको. वॉरंटी संपलेल्या गाडीला पुढच्या पॅडसाठी तिथले पैसे मला जास्त वाटतात.

दाजींची गाडी सहा वर्षांची, वॉरंटी संपलेली, पार्किंग उताराचं, हातात रविवारचा एकच दिवस, आणि ताई आत्ताच म्हणतेय की गाडीखाली जाऊ नका. त्यांच्यासाठी माझ्या मते मधला रस्ता चांगला. पार्ट स्वतः घ्यायचा, दुसऱ्या प्रकारातला, आणि गॅरेजला जाऊन शेवटपर्यंत तिथेच उभं राहायचं. मेकॅनिकला सुरुवातीलाच सांगायचं की पिना बाहेर काढून ग्रीस करा, शंभर-दोनशे जास्त घ्या पण करा. चांगला कारागीर यावर चिडत नाही. दोन्ही चाकांचे जुने चारही पॅड मागून घ्या आणि ओळीने ठेवून बघा, आतला-बाहेरचा फरक दिसला की कुठे अडकतंय ते कळतं. एकाच चाकाचे पॅड बदलू देऊ नका, गाडी एका बाजूला ओढते. चाकाचे नट गनने गच्च मारू देऊ नका, हाताने आवळून शेवटी टॉर्क पाना.

काम झालं की गाडी हलवायच्या आधी पेडल दहा-बारा वेळा दाबायचं. पिस्टन आत ढकललेला असतो, पहिल्या दाबाला पेडल सरळ खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही, गॅरेजच्या दारातच धडक होते ती यामुळे. मग नवीन पॅड डिस्कला नीट बसू द्यायचे, त्यासाठी मी पहाटे विजापूर रोडला सोरेगावच्या पुढे जातो, मागे कुणी नाही बघून ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक मारत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं थंड होऊ देत. त्यानंतर दोन-तीनशे किलोमीटर जपून, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा परत तपासून.

दाजी, शनिवारी दुपारी जुन्या पॅडचा आणि कॅलिपरवरच्या नावाचा फोटो पाठवा, संध्याकाळी दुकानात मी सोबत येतो. रविवारी सकाळी साडेआठला गॅरेज उघडतं, ऊन चढायच्या आत पहिला नंबर लावू.