सेव्हन-इन-वन लस: रानाकडेच्या कुत्रेवाल्याचा अभिप्राय

पाचपैकी चार स्टार.

आमची कुत्री रानाला लागून राहतात, रात्री कुठे भटकतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यामुळे कुत्र्यांची ही लस मी त्यांना टोचवतो ती फक्त त्यांच्यासाठी नाही, रानातल्या लांडग्या-कोल्ह्यांसाठीही. डिस्टेंपर, हिपॅटायटिस, पार्वो, पॅराइन्फ्लुएन्झा हे कुत्र्यांचे विषाणूंचे रोग, शिवाय लेप्टो (हा विषाणू नव्हे, जीवाणू), सगळं एकाच सुईत. काळूने कूं केलं नाही. संध्याकाळी जरा मलूल होता, टोचलं तिथे सुपारीएवढी गाठ आली आणि आपोआप जिरली.

एका बाटलीत पांढरी पूड, दुसरीत पातळ द्रव. दोन्ही मिसळून लगेच टोचायचं. तोवर बाटल्या २ ते ८ अंशांत हव्यात. एका दवाखान्यात त्या टेबलावर उन्हात दिसल्या, तसाच मागे फिरलो. लस मेलेली असेल तर कार्डावर शिक्का तेवढा मिळतो.

पार्वोसाठी तर ही घ्याच. हा रोग १९७८ मध्ये माहीत झाला आणि त्याच्यापायी १९८० ते १९८२ या काळात अमेरिकेतल्या आयल रॉयल बेटावरचे लांडगे ५० वरून १४ वर आले. पार्वो विष्ठेतून पसरतो, मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणजे लांडग्याशी गाठ पडायलाच हवी असं नाही. आपला कुत्रा पायवाटेवर शी करून गेला, मागून आलेल्याने हुंगलं, झालं काम.

स्टार कापला तो नावासाठी. 'सेव्हन' ऐकलं की लोक निर्धास्त होतात, पण यात रेबीज नाही! ती लस वेगळी घ्यावी लागते. इथिओपियातल्या बाले डोंगरात आधीच मूठभर उरलेल्या लांडग्यांमध्ये १९९१-९२ मध्ये आणि परत २००३ मध्ये रेबीज शिरला, तो गुराख्यांच्या कुत्र्यांकडूनच.

आणि रानात कोल्ह्याचं पिल्लू सापडलं तर दयेपोटी ही लस त्याला टोचू नका. यातला डिस्टेंपरचा विषाणू जिवंत असतो, फक्त कमजोर केलेला. कुत्र्याला तो पचतो, पण आफ्रिकन रानकुत्र्यांची पिल्लं अशा लशीनेच डिस्टेंपर होऊन मेली आहेत. वनखात्याला कळवा.

घरच्या पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करा, शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतरच. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण आधीचे डोस वाया घालवू शकतं, म्हणून तो चुकवू नका. तोवर पिल्लू दावणीला.