झिऑन ई५-२६८० व्ही२ घ्यावा की व्ही४?

हे दोन्ही इंटेलचे सर्व्हरसाठीचे जुने प्रोसेसर. नावात फरक एका आकड्याचाच असल्यामुळे अनेकांना वाटतं की ही एकाच प्रोसेसरची जरा मागची आणि जरा पुढची आवृत्ती आहे, तेव्हा जी स्वस्त मिळेल ती घ्यावी. मीही तसाच विचार करून घरच्या सर्व्हरसाठी आधी व्ही२ घेतला. तीन वर्षं त्याने इमानेइतबारे काम केलं. आज तिथे व्ही४ आहे. दोन्ही वापरून माझं मत पक्कं झालं आहे: सगळा संच नव्याने जमवणार असाल तर व्ही४ घ्या. व्ही२ फक्त त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे त्याचा मदरबोर्ड आणि रॅम आधीपासून आहे. कारणं नीट सांगतो, कारण कागदावरचे आकडे बघून हे लक्षात येत नाही.

आधी ते आकडे. व्ही२ हा २०१३ चा, आयव्ही ब्रिज पिढीतला: १० कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), २० थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं), मूळ वेग २.८ गिगाहर्ट्झ, टर्बो (गरजेपुरता चढणारा वेग) ३.६, कॅश (चिपवरचीच छोटी, वेगवान मेमरी) २५ एमबी, टीडीपी (भर कामात किती उष्णता निघेल याचा ठरवलेला आकडा) ११५ वॅट. व्ही४ हा २०१६ चा, ब्रॉडवेल पिढीतला: १४ कोअर, २८ थ्रेड, मूळ वेग २.४, टर्बो ३.३, कॅश ३५ एमबी, टीडीपी १२० वॅट. बाजारात आले तेव्हा दोघांचीही किंमत १,७०० डॉलरच्या थोडी वरच होती, म्हणजे इंटेलच्या यादीत दोघांची जागा तीच.

वेगाचे आकडे बघून व्ही२ जास्त चपळ वाटतो. पण ३.६ आणि ३.३ हे टर्बोचे वेग एखाद-दुसरा कोअरच कामात असतो तेव्हाचे आहेत. सगळे कोअर जुंपले की व्ही२ ३.१ वर येतो आणि व्ही४ २.९ वर. आता गुणाकार करा: १० गुणिले ३.१ म्हणजे ३१, आणि १४ गुणिले २.९ म्हणजे ४०.६. नुसत्या या हिशेबाने व्ही४ जवळजवळ तीस टक्के पुढे जातो. शिवाय मधल्या हॅसवेल पिढीत, म्हणजे व्ही३मध्ये, इंटेलने कोअरची आतली रचना रुंद केली. सूचना पाठवायचे पोर्ट सहाचे आठ झाले, त्यामुळे घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला (क्लॉक सायकलला) जास्त काम उरकतं. म्हणून एकाच कोअरवर चालणाऱ्या कामातही व्ही२ची ३०० मेगाहर्ट्झची आघाडी बरीचशी पुसली जाते. पाच-सहा व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरमध्ये चालणारे आभासी संगणक), एखादा डेटाबेस आणि रात्रीचा बॅकअप एकदम चालू असले की हा फरक हाताला जाणवतो.

रॅमच्या बाबतीत दोघांनाही चार चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारे चार वेगळे रस्ते, आहेत. व्ही२ला डीडीआर३ लागते, १८६६ पर्यंतची. तिचा कमाल वेग सेकंदाला ५९.७ जीबी. व्ही४ला डीडीआर४ लागते, २४०० पर्यंतची. तिथे तोच आकडा ७६.८ जीबी. पण चारही चॅनेलमध्ये पट्ट्या असतील तरच. पैसे वाचवायला एकच मोठी पट्टी लावली तर वेग चौथाईवर येतो आणि दोष प्रोसेसरला दिला जातो. ही चूक मी इतक्या मशीनमध्ये पाहिली आहे की आता जुना सर्व्हर उघडला की आधी पट्ट्या मोजतो. खिशाच्या बाजूने मात्र व्ही२चा इथे खरा फायदा आहे. सर्व्हरमधून निघालेली रजिस्टर्ड डीडीआर३ रॅम दुसऱ्या फारशा कशात चालत नाही, म्हणून ती स्वस्त मिळते. डीडीआर४ला अजून मागणी आहे. ज्याला दोनशे-अडीचशे जीबी रॅम हवी आहे आणि वेगाची घाई नाही, त्याने हे गणित जरूर मांडावं.

एवढंच असतं तर निवड किमतीवर सोडता आली असती. घोडं पेंड खातं ते सूचनासंचापाशी, म्हणजे प्रोसेसरला थेट समजणाऱ्या आज्ञांच्या यादीपाशी.

व्ही२मध्ये एव्हीएक्स (एका आज्ञेत अनेक आकड्यांवर क्रिया) आहे, पण त्याची पुढची आवृत्ती एव्हीएक्स२ नाही, एफएमए (गुणाकार आणि बेरीज एकत्र) नाही, बीएमआयही (बिट हाताळण्याच्या आज्ञा) नाही. हे सगळं हॅसवेलपासून आलं आणि व्ही४मध्ये आहे. गणिती कामात याचा थेट परिणाम होतो: दुहेरी अचूकतेच्या आकडेमोडीत व्ही२चा एक कोअर एका ठोक्यात जास्तीत जास्त ८ क्रिया करतो, व्ही४चा १६. व्हिडिओ एन्कोड करणं, छोटं भाषा-मॉडेल प्रोसेसरवर चालवणं, अशा कामांत दोघांमधली दरी कोअरच्या संख्येवरून वाटते त्याहून मोठी निघते. (दोघांतही अंगभूत ग्राफिक्स नाही. व्हिडिओचं काम मुख्य असेल तर वेगळं कार्ड धरूनच चाला.)

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढचं आयुष्य. लिनक्सच्या जगात प्रोसेसरच्या क्षमतेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि त्यातली एक्स८६-६४-व्ही३ ही पायरी एव्हीएक्स२ आणि एफएमएशिवाय चढता येत नाही. झिऑनच्या नावातल्या व्ही३शी तिचा संबंध नाही, पण योगायोगाने ई५ मालिकेत ही पायरी गाठणारी पहिली पिढी व्ही३च होती. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला ही पायरी सक्तीची आहे. मला हे कळलं ते असं: एका संध्याकाळी व्ही२वर एक नवा कंटेनर (लागणाऱ्या फायलींसकट बांधलेलं सॉफ्टवेअरचं गाठोडं) सुरू केला, तो लगेच बंद पडला. लॉगमध्ये एकच ओळ होती, ‘फेटल जीलिबसी एरर: सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही३’, म्हणजे या प्रोसेसरला ती पायरी जमत नाही. सर्व्हरवरचं लिनक्स तर वेगळं होतं आणि व्यवस्थित चालू होतं, पण कंटेनरच्या आतलं त्या दहाव्या आवृत्तीवर बेतलेलं. कंटेनर असो की व्हर्च्युअल मशीन, खाली सिलिकॉन तेच. तिथे सेटिंग बदलून काही होत नाही.

मार्ग अगदीच बंद आहेत असं नाही. डेबियन हे दुसरं लिनक्स आजही जुन्या प्रोसेसरवर चालतं, आणि रेड हॅटशी सुसंगत असलेल्या मोफत अल्मालिनक्सने १० साठी खालच्या पायरीची वेगळी आवृत्तीही ठेवली आहे. पण आज पैसे घालताना, आपल्याला हवं ते सॉफ्टवेअर पुढची चार-पाच वर्षं चालेल का, हा प्रश्न व्ही२ घेणाऱ्याला प्रत्येक अपडेटला पडणार. मला तो पडायला लागला तेव्हाच मी बदल केला.

विजेचं थोडक्यात. टीडीपीमधला ५ वॅटचा फरक विसरा, कारण घरचा सर्व्हर बहुतेक वेळ रिकामा बसलेला असतो. सतत २० वॅट जास्त खाणारं मशीन वर्षाला १७५ युनिट जास्त खातं. २२ ऐवजी १४ नॅनोमीटरची चिप आणि डीडीआर४चं कमी व्होल्टेज यामुळे इथेही पारडं व्ही४कडे झुकतं. दोन सॉकेटचा बोर्ड घेऊन एकाच प्रोसेसरचं काम करून घेणं मात्र कुठल्याही पिढीत महागच पडतं.

बोर्डाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. दोन्ही सॉकेटना (प्रोसेसर बसवायच्या जागांना) २०११ पिना आहेत, पण व्ही४चं सॉकेट २०११-३ आहे आणि दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. व्ही२च्या सर्व्हर बोर्डांवर साधारण सी६०२ चिपसेट असतो: त्यात यूएसबी ३ नाही, आणि ६ गिगाबिटचे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) फक्त दोन. व्ही४च्या सी६१२मध्ये असे दहा साटा पोर्ट आहेत आणि यूएसबी ३ही आहे. डिस्क भरपूर लावणाऱ्याला हा फरक प्रोसेसरपेक्षा मोठा वाटेल. जुन्या बोर्डांपैकी बरेच एनव्हीएमई (नव्या, वेगवान प्रकारच्या) डिस्कवरून बूट होत नाहीत, तेही विकणाऱ्याला आधी विचारा.

आता ज्यांच्याकडे पहिल्या पिढीचा ई५ आणि डीडीआर३ने भरलेला बोर्ड आहे, त्यांच्यासाठी. तुम्ही फक्त प्रोसेसर बदलून व्ही२ घ्या, थोड्या पैशांत मशीनला नवी उभारी येते. काम एकाच कोअरच्या वेगावर अवलंबून असेल, किंवा सॉफ्टवेअरचा परवाना कोअरमागे मोजला जात असेल, तर त्याच सॉकेटचा ई५-२६६७ व्ही२ बघा: आठच कोअर, पण टर्बो ४ गिगाहर्ट्झ. फक्त क्रम चुकवू नका. मी नवा प्रोसेसर आधी बसवला, थर्मल पेस्ट लावली, हीटसिंक आवळला आणि बटण दाबलं. पंखे पूर्ण वेगाने घोंगावत राहिले, पडदा काळाच. बायोस (बोर्ड सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) जुनं होतं आणि त्याला व्ही२ ओळखता येत नव्हता. पुन्हा सगळं उघडून, पेस्ट पुसून जुना प्रोसेसर बसवला, बायोस अपडेट केलं आणि मग नवा लावला. व्ही३च्या काळातल्या बोर्डावर व्ही४ लावतानाही हेच लागू आहे, तेव्हा जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोसची आवृत्ती बघून घ्या.