क्रिकेटचं ॲप सहा महिने वापरल्यावर: शेवटच्या चेंडूनंतरचं दिसतच नाही

ऑगस्ट 2025 मध्ये क्रिकेट सामने दाखवणाऱ्या ॲपचे वर्षाचे पैसे एकदम भरले. केबल बंद केली तर वर्षाकाठी किती वाचतील हे वहीत मांडून बघितलं होतं, म्हणूनच भरले. चित्र, आवाज, डेटा किती खातं याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एकच आहे. शेवटचा चेंडू पडला की ॲप जाहिरातींवर जातं आणि परत येतं ते थेट स्टुडिओत. मैदानावर मधल्या वेळात काय झालं ते कळत नाही.

एरवी मी हे सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी क्रिकेटमधलं सगळं राजकारण त्या मधल्या मिनिटांतच घडलं.

14 सप्टेंबर, दुबई, आशिया चषकातला पाकिस्तानविरुद्धचा सामना. आपला कर्णधार सूर्यकुमार यादवनं षटकार मारून सामना संपवला आणि माझ्या पडद्यावर सिमेंटची जाहिरात आली. तो आणि शिवम दुबे हात न मिळवता तसेच आत गेले, पाकिस्तानचे खेळाडू थांबून राहिले आणि आपल्या ड्रेसिंग रूमचं दार बंद झालं, हे मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून कळलं. तिथं तोवर भांडण पेटलं होतं. मी पैसे भरून बघत होतो आणि बघायचं तेच राहून गेलं.

त्या रात्री मी खेळाडूंवर चिडलो होतो. लहानपणापासून आम्हाला शिकवलंय की हरलास तरी हात मिळवून ये. पण दुसऱ्या दिवशी मत बदललं. एप्रिलमधल्या पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यातल्या 26 मृतांत सहा जण महाराष्ट्राचे होते. डोंबिवलीची तीन घरं एका दुपारी उजाड झाली. सूर्यकुमारनं विजय सैन्याला अर्पण केला, त्या कुटुंबांसोबत आहोत म्हणाला. मनापासून बोलत होता. मग माझा राग वर सरकला. द्विपक्षीय मालिका नको, पण अनेक देशांच्या स्पर्धेत पाकिस्तानशी खेळायला हरकत नाही, हे धोरण सरकारनं ऑगस्टमध्येच जाहीर केलं होतं. आपल्या क्रिकेट बोर्डानं संघ पाठवला. म्हणजे खेळायचं की नाही हे वरच्यांनी ठरवलं आणि लोकांच्या रागाला तोंड द्यायची वेळ आली अकरा पोरांवर. खेळायचंच नव्हतं तर सामनाच सोडायचा होता. गुण गेले असते, पैसे बुडाले असते, पण मी टाळ्या वाजवल्या असत्या.

1991 मध्ये पाकिस्तानचा दौरा होऊ नये म्हणून शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी खणली होती आणि दौरा रद्द झाला. खेळपट्टी खणणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्यांची मागणी निदान सरळ होती.

28 सप्टेंबरची आशिया चषकाची फायनल, पुन्हा पाकिस्तानशीच. तिलक वर्मा नाबाद 69, आपण पाच गड्यांनी जिंकलो. या वेळी जाहिराती संपेपर्यंत चिकटून बसलो, आणि नंतर तासाहून जास्त वेळ काहीच होईना. चषक द्यायला उभे होते मोहसिन नक्वी: आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष, पाकिस्तानी बोर्डाचे अध्यक्ष आणि त्या देशाचे गृहमंत्रीही. आपल्या संघानं त्यांच्या हातून चषक घेतला नाही, रिकाम्या हातांनीच जल्लोष केला. एकाच माणसाकडे पोलीस आणि क्रिकेट दोन्ही असेल तर दुसरं काय होणार? आपल्याकडेही शरद पवार केंद्रात मंत्री असताना बोर्डाचे अध्यक्ष होतेच, आणि आज आयसीसीच्या, म्हणजे जागतिक क्रिकेट संघटनेच्या, अध्यक्षाच्या खुर्चीवर आपल्या गृहमंत्र्यांचे चिरंजीव आहेत. ज्याला हे तिकडे खटकतं, त्याला इकडेही खटकायला हवं.

एक गोष्ट मात्र सरकारनं चांगली केली. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर कायदा आला आणि ॲपमधल्या त्या जाहिराती गेल्या. आशिया चषकात आपल्या जर्सीवर प्रायोजक नव्हता, छातीवर नुसतं देशाचं नाव. फार छान दिसत होतं. माझ्या भाच्याचे दोन पगार त्या खेळांत गेलेत.

आता बिघाडाचं. 30 ऑक्टोबर, महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध 339 चं लक्ष्य, आपली जेमिमा रॉड्रिग्ज शंभरच्या पुढे, आणि ॲपनं मला बाहेर काढलं. म्हणे ‘जास्त उपकरणं जोडली आहेत’. घरात एकच फोन जोडलेला! पुन्हा आत येईपर्यंत सामना संपला होता. जेमिमाच्या नाबाद 127 मधल्या शेवटच्या धावा मी पाहिल्या नाहीत. तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा ‘इंटरनेट तपासा’ असं उत्तर आलं आणि तक्रार निकाली काढली.

म्हणून 2 नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेविरुद्धची फायनल बघायला शेजारच्या काकूंकडे गेलो. त्यांच्याकडे केबल आहे. पावसानं सामना दोन तास उशिरा सुरू झाला, तरी काकू जागच्या हलल्या नाहीत; आमच्या सांगलीची स्मृती मंधाना खेळत होती ना. मध्यरात्रीच्या सुमारास कर्णधार हरमनप्रीतनं शेवटचा झेल घेतला आणि कॅमेरा मैदानावरच राहिला. तिनं प्रशिक्षक अमोल मुझुमदारांच्या पायांना हात लावला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा करूनही भारताकडून एकदाही खेळायला न मिळालेला माणूस तो. रडणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंना आपल्या मुली जवळ घेत होत्या. काकूंनी डोळे पुसले. मीही.

ॲपचं आपोआप नूतनीकरण बंद केलंय. ऑगस्टपर्यंतचे पैसे भरलेत, तोवर वापरेन. केबलवाल्याला फोन केलाय, सोमवारी वायर जोडायला येतोय.