लोकलहोस्टवरची साईट लाईव्ह करून घेताना माझे 47,799 रुपये गेले

सात महिने खपून मी साईट लॅपटॉपवर, म्हणजे 'लोकलहोस्ट'वर, उभी केली. ती फक्त माझ्याच लॅपटॉपवर दिसायची. लॅपटॉपलाच सर्व्हर बनवणारं एक्सॅम्प टाकलं, त्यावर साईट बनवायचं सॉफ्टवेअर वर्डप्रेस, आणि रोज रात्री बसून सराव परीक्षेचे 2,340 प्रश्न एकेक करून भरले. त्यातल्या सहाशेहून जास्त प्रश्नांना आकृत्या आहेत, त्याही मीच काढल्या. हे आधी सांगते, कारण ज्याला ही हकीकत सांगितली त्याने पहिला प्रश्न हाच केला, 'येत नव्हतं तर कशाला पडलीस यात?' येत होतं. फक्त लॅपटॉपवर चालणारी साईट सर्व्हरवर चढवायचं काम कधी केलं नव्हतं, मुलांच्या परीक्षेला वीस दिवस राहिले होते, आणि एका चुकीत सगळं उडेल अशी धास्ती होती. साईट चढवून द्यायला ज्याला घेतलं, त्याने त्या धास्तीचेच पैसे घेतले.

तो एका ग्रुपवर भेटला. लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायचा, आणि बरोबर द्यायचा. मी त्याची जुनी उत्तरं वाचली होती, म्हणजे चौकशी केली नाही असंही नाही. कामाचे 7,500 रुपये आगाऊ घेतले, डोमेन म्हणजे साईटचा पत्ता आणि वर्षाचं होस्टिंग म्हणजे सर्व्हरवरची भाड्याची जागा, मिळून आणखी 11,800. डोमेन घेताना त्याने स्क्रीन शेअर केली होती. मालकाच्या ईमेलच्या रकान्यात त्याने स्वतःचा ईमेल टाइप केला. मी बघितलं, विचारलंही. म्हणाला, "मॅडम, ओटीपी सारखे येत राहतात, तुम्हाला कशाला त्रास? काम झालं की तुमच्या नावावर करून देतो." मी बरं म्हटलं. डोमेन ज्याच्या खात्यात, साईट त्याची. फाइली, डेटाबेस, सर्व्हर सगळं पुन्हा उभं करता येतं, पत्ता करता येत नाही. रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, खातं स्वतः उघडा, पैसे स्वतः भरा, आणि पासवर्ड कुणालाही देऊ नका. काम करणाऱ्याला फक्त नेमसर्व्हर, म्हणजे हा पत्ता कुठल्या सर्व्हरवर न्यायचा ते सांगणारी नावं, सांगायला लावा, ते तुम्ही स्वतः भरा. दोन ओळींचं काम आहे.

पण मला जास्त जाळतो तो दुसरा क्षण. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, 'लाईव्ह झाली, बघा.' मी लॅपटॉपवर पत्ता टाकला. सगळं जागच्या जागी. प्रश्न, पर्याय, आकृत्या. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. लगेच मैत्रिणीला लिंक पाठवली. तिने मोबाइलवरून स्क्रीनशॉट पाठवला, त्यात मजकूर पूर्ण होता आणि आकृतीच्या जागी रिकामा चौकोन, कोपऱ्यात फाटक्या चित्राची खूण. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "डीएनएस प्रॉपगेशन चालू आहे. तुमच्याकडे पोचलं, त्यांच्याकडे पोचायला 48 तास लागतील. प्रायॉरिटी लावली तर दोन तासांत होईल, 2,500 रुपये." आणि मी दिले.

डीएनएस म्हणजे पत्त्यावरून साईटचा सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा, आणि नवी नोंद सगळीकडे पोचणं म्हणजे प्रॉपगेशन. एक मिनिट थांबून विचार केला असता तर कळलं असतं. मैत्रिणीच्या फोनवर मजकूर उघडला, याचा अर्थ डीएनएस तिच्यापर्यंत पोचलंच होतं. पत्ता सापडतो किंवा सापडत नाही, तो अर्धा सापडत नाही. आकृत्यांचे पत्ते डेटाबेसमध्ये अजून 'लोकलहोस्ट'चेच होते. माझ्या लॅपटॉपवर एक्सॅम्प चालू होतं, म्हणून त्या माझ्याच हार्डडिस्कवरून येत होत्या. एक्सॅम्पच्या खिडकीत अपाचेसमोर, म्हणजे त्यातल्या वेब सर्व्हरसमोर, हिरवा रंग दिसत होता, ती खिडकी समोर उघडी होती. बंद करून बघायचं मला सुचलं नाही. आणि प्रॉपगेशनला प्रायॉरिटी अशी काही चीज नसते. जुनी नोंद इतरांच्या सर्व्हरवर किती वेळ राहायची ते टीटीएल ही नोंदीतच लिहिलेली मुदत ठरवते, त्याला पैसे देऊन कुणी घाई करू शकत नाही. साईट चढली की लोकल सर्व्हर बंद करा आणि मग दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्या नेटवर बघा. आधी नाही.

पुढचं भराभर सांगते, लाज वाटते. एसएसएलचे, म्हणजे पत्त्याशेजारी कुलूप दाखवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राचे, 4,999. कुलपावर क्लिक केलं तर प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं निघालं. ते 2015 पासून फुकट मिळतं, थोड्या मुदतीचं असतं आणि आपोआप नवं करता येतं. मग 'डेटाबेस करप्ट आहे' म्हणून 6,000. करप्ट त्यानेच केला होता. एसक्यूएल फाइल एडिटरमध्ये उघडून लोकलहोस्टच्या जागी नवा पत्ता सरसकट बदलला. वर्डप्रेसच्या बऱ्याच सेटिंग्जमध्ये मजकुरासोबत त्याच्या लांबीचा आकडाही साठवलेला असतो. पत्त्याची लांबी बदलली, आकडा तोच राहिला, विजेट आणि थीमची सेटिंग्ज गायब. वर्डप्रेस कमांड टाइप करून चालवायचं साधन आहे, डब्ल्यूपी-सीएलआय. त्याची सर्च-रिप्लेस कमांड हे आकडे सांभाळून बदल करते आणि फुकट आहे. हे मी नंतर एका दुपारी शिकले. एका दुपारी!

साईट चालली. 412 मुलांनी नावं नोंदवली. थोड्या दिवसांनी मी डोमेन माझ्या खात्यात मागितलं. आधी म्हणाला, 60 दिवस ट्रान्सफर होत नाही. नवं डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला तो नियम आहे, पण त्याच रजिस्ट्रारकडच्या माझ्या खात्यात हलवायला बहुतेक ठिकाणी तो आड येत नाही. हे मी लिहून पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी साईट बंद. पानावर एवढंच, 'खाते निलंबित'. मग त्याने 30,000 मागितले. परीक्षा चार दिवसांवर होती, मुलांचे फोन येत होते. मी 15,000 दिले, उरलेले नंतर म्हटलं. त्याने नंबर ब्लॉक केला. एकूण 47,799.

पोलिसांकडे गेले. "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग हा व्यवहाराचा वाद, कोर्टात जा." दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब होते, त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी साईट दाखवा म्हटलं. बंद आहे म्हटल्यावर, "बंदच आहे तर चोरीला काय गेलं?" पाऊण तास मी डोमेन म्हणजे काय ते समजावलं, त्यांनी अर्जावर 'संगणक दुरुस्तीबाबत तक्रार' असं लिहिलं. संगणक दुरुस्ती! ते खोडून घ्यायला आणखी दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला पहिला अर्जच सापडेना. बँकेत गेले, तर ओटीपी तुम्हीच टाकला, व्यवहार मंजूर आहे. ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे पत्र मागितलं, तर बँकेने आधी लेखी द्यावं. रजिस्ट्रारला चार मेल केले, चारही वेळा शब्दशः तेच उत्तर, 'नोंदणीकृत मालकाच्या ईमेलवरून विनंती करा.' अहो, तोच तर चोर आहे! होस्टिंगवाल्यांनी 412 मुलांचा डेटा खातेदाराशिवाय देता येणार नाही म्हणून सांगितलं. मुलांनी नावं, नंबर माझ्या भरवशावर दिले होते, ते आज त्या माणसाच्या हातात आहेत, आणि नियम त्याची गोपनीयता सांभाळतायत. 2018 पासून व्हूइजमध्येही, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदीतही, मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलंच असतं, त्यामुळे डोमेन त्याच्या नावावर आहे हेसुद्धा मी कागदावर दाखवू शकत नाही. त्या दिवसाचा स्क्रीन शेअर रेकॉर्ड केला असता तर दाखवता आलं असतं. तुम्ही करा. आणि पैसे देताना नोंदीत कशाचे ते लिहा, माझ्या सगळ्या नोंदी कोऱ्या होत्या, पोलिसांनी बरोबर त्याच दाखवल्या.

माझ्याकडे एक्सॅम्पचं फोल्डर शिल्लक होतं, म्हणून प्रश्न वाचले. नवं डोमेन माझ्या खात्यात घेऊन परवा रात्री मी स्वतः चढवलं. फाइली पाठवल्या, डेटाबेस इम्पोर्ट केला, कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड बदलले, तीच सर्च-रिप्लेस कमांड चालवली. काही आकृत्या दिसेनात, कारण फाइलच्या नावात इंग्रजी मोठं अक्षर होतं आणि साईटमधल्या पत्त्यात लहान, हा फरक माझ्या लॅपटॉपच्या विंडोजला चालतो, सर्व्हरच्या लिनक्सला चालत नाही. तेही निस्तरलं. साडेतीन तास लागले. मुलांना कळवायचं कसं हा प्रश्न तसाच आहे, त्यांची यादी जुन्या सर्व्हरवर आहे.

कुणाचं असं काम आत्ता चालू असेल, तर आज रात्रीच रजिस्ट्रारच्या साईटवर स्वतः लॉगिन करून डोमेन दिसतंय का बघा. दिसलं नाही, तर पुढचा एक रुपयाही पाठवू नका.