सगळं जागच्या जागी होतं, तरी ६९,५०० रुपये गेले

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही घरची सगळी वॉटरपार्कला गेलो होतो. मी, हे, दोन्ही मुलं आणि सासूबाई. तिथल्या लॉकरमध्ये ठेवलेल्या यांच्या पाकिटातली एक नोटही कमी झाली नाही. फोन होता तिथेच होता, कार्डही पाकिटात होतं. आणि तरी यांच्या पगाराच्या खात्यातून ६९,५०० रुपये गेले. गेलेत हे कळायला दोन दिवस लागले आणि कसे गेले हे कळायला आणखी चार. पार्कचं नाव लिहीत नाही, कारण तपास चालू आहे. शिवाय हे जिथे जिथे भाड्याचे लॉकर आहेत तिथे कुठेही होऊ शकतं.

आम्ही साताऱ्याहून पहाटे निघालो. साडेदहाला गेटवर पोचलो तेव्हा सुट्टीची तुडुंब गर्दी होती. तिकिटं काढली, नायलॉनचे कपडे भाड्याने घेतले, मग लॉकरच्या रांगेत उभे राहिलो. दोनशे रुपये भाडं आणि तीनशे डिपॉझिट. खिडकीतून हातात किल्ली मिळाली. पिवळ्या रबरी पट्ट्यात अडकवलेली, पट्ट्यावर काळ्या रंगाने नंबर लिहिलेला : १८४. पट्टा मनगटात घालायचा आणि दिवसभर पाण्यात खेळायचं, अशी पद्धत.

माझा फोन मी प्लास्टिकच्या पाऊचमध्ये गळ्यात अडकवला होता. यांचा फोन, पाकीट, गाडीची किल्ली, कोरडे कपडे हे सगळं एका बॅगेत घालून लॉकरमध्ये ठेवलं. दार लावलं तर किल्ली फिरेना. मी दोनदा काढून घातली. मागे लोक ताटकळलेले, धाकटा हात ओढतोय, सासूबाईंना ओल्या फरशीवर नीट उभं राहता येत नाहीये. तेवढ्यात एक पंचवीस-तिशीचा मुलगा पुढे आला. निळा टीशर्ट, गळ्यात दोरी. तिथल्या कामगारांचेही टीशर्ट निळेच होते. म्हणाला, "ताई, या रांगेतली कुलपं अडतात. द्या इकडे." त्याने किल्ली घेतली, दार गुडघ्याने जरा दाबलं, कुलूप लावलं, दार ओढून दाखवलं आणि पट्टा माझ्या हातावर ठेवला. मी तो मनगटात चढवला. पट्ट्यावरचा नंबर वाचला नाही. पिवळा पट्टा दिला होता, पिवळा पट्टा परत आला. वाचावंसं कशाला वाटेल?

दुपारी दोनच्या सुमाराला जेवायला पैसे हवे होते म्हणून मी आणि हे लॉकरकडे गेलो. किल्ली लागेना. यांनी प्रयत्न केला, तरी लागेना. तोच मुलगा जवळच्या बाकाजवळ उभा होता. आम्हाला बघून आपणहून आला. "सकाळीच म्हटलं ना ताई, अडतंय म्हणून." किल्ली घेतली, आमच्याकडे पाठ करून क्षणभर खटपट केली आणि दार उघडलं. यांनी त्याला वीस रुपये देऊ केले, तर तो नको म्हणाला. त्या नको म्हणण्यामुळे तो आम्हाला अधिकच भला वाटला.

बॅग होती तशीच होती. यांनी पाकिटातले पैसे मोजलेसुद्धा : तेवीसशे होते, तेवीसशे भरले. फोन उघडून पाहिला, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफिसचे मेसेज येत होते. आम्ही जेवलो, पुन्हा पाण्यात उतरलो, संध्याकाळी डिपॉझिट परत घेतलं. गेटवर पार्कचा फोटोग्राफर घसरगुंडीखाली काढलेले फोटो छापून विकत होता. त्यातला मुलांसोबतचा एक आवडला म्हणून दीडशे रुपयांना घेतला आणि घरी आल्यावर फ्रिजवर लावला.

सोमवारी सकाळी गॅसचा सिलिंडर आला. दारातला पोऱ्या म्हणाला, "वहिनी, कोड सांगा." सिलिंडर घेताना जो चार आकडी कोड सांगावा लागतो, तो यांच्या नंबरवर येतो. हे म्हणाले, आलाच नाही. मी त्या नंबरवर फोन लावला, तर फोन बंद असल्याचं सांगणारी बाई बोलायला लागली. आणि फोन तर समोर, यांच्या हातात, चालू.

यांच्या फोनमध्ये दोन सिम आहेत. नवीन नंबरावर इंटरनेट आणि रोजचं बोलणं चालतं. जुना नंबर बँक, गॅस, आधार यांना जोडलेला, एरवी त्यावर कुणाचा फोनही येत नाही. यांनी टाचणीने सिमचा ट्रे बाहेर काढला. दोन खणांतला एक रिकामा होता. नखाएवढी ती जागा मी अजून विसरलेले नाही.

मग यांनी बँकेचं ईमेल उघडलं. शनिवारी दुपारी १२:५२ ला वीस हजार, १२:५८ ला वीस हजार, १:२० ला साडेनऊ हजार. आणि शनिवार संपून रविवार लागल्यावर, रात्री १२:०६ ला, आणखी वीस हजार. चारही वेळा ऑनलाइन गिफ्ट व्हाउचर घेतलेली. यांच्या कार्डाची ऑनलाइन मर्यादा दिवसाला पन्नास हजार आहे. ती संपली म्हणून चोर मध्यरात्र उलटेपर्यंत थांबला होता. त्या वेळी आम्ही घरी गाढ झोपलो होतो, आणि सिम गेल्याचं त्याआधी लक्षात आलं असतं तर शेवटचे वीस हजार तरी वाचले असते. चारही ईमेल वेळच्या वेळी आले होते. पण जाहिरातींच्या गर्दीत ते कोण बघतं?

सायबर शाखेतल्या साहेबांनी आम्हाला सगळी साखळी उलगडून सांगितली. कार्डावरचा सोळा आकडी नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे, एवढ्याचा फोटो काढला की कार्ड जागेवर ठेवून देता येतं. राहतो फक्त ओटीपी. तो सिमवर येतो, फोनवर नाही. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की आपल्या फोनला कितीही भक्कम लॉक असलं तरी त्याचा उपयोग नाही. मी विचारलं, दोनातलं बँकेचं सिम कोणतं हे त्याला कसं कळलं? ते म्हणाले, "एक चाललं नाही तर दुसरं. सकाळपासून दोनपर्यंत वेळ होता त्याच्याकडे." आणि पाकिटातले तेवीसशे का सोडले? "ते घेतले असते तर तुम्ही तिथेच बोंब मारली असती. तुमचं कार्ड तासाभरात बंद झालं असतं."

किल्लीचं कोडं मात्र साहेबांनाही सुटत नव्हतं. ते फ्रिजवरच्या फोटोने सोडवलं. माझी मोठी मुलगी तो फोटो निरखत बसली होती. त्यात मी हात वर केलेला आहे, मनगटावर पिवळा पट्टा आहे. ती म्हणाली, "आई, आपला लॉकर १८४ होता ना? इथे १४८ आहे." सासूबाईंचं पोथी वाचायचं भिंग आणून आम्ही सगळ्यांनी पाहिलं. स्पष्ट १४८. त्याने स्वतः तिथे रीतसर लॉकर भाड्याने घेतला होता. सकाळी माझी किल्ली ठेवून घेऊन त्याची मला दिली आणि दुपारी पुन्हा बदलली. मधला सगळा वेळ १८४ ची किल्ली त्याच्याकडे आणि मी १४८ ची किल्ली हातात मिरवत पाण्यात. पार्कच्या माणसांनी सांगितलं की असा कुणी त्यांच्याकडे कामाला नाही. वहीत १४८ समोर लिहिलेला मोबाइल नंबर अस्तित्वातच नव्हता.

आता जे आम्हाला धावपळीत शिकावं लागलं ते सांगते. असं काही लक्षात आलं तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या हेल्पलाइनला, फोन करा. पोलीस ठाणं, बँकेची शाखा हे सगळं नंतर. १९३० वर तक्रार नोंदली की पुढच्या खात्यांत किंवा दुकानदारांकडे पोचलेले, पण अजून न वापरलेले पैसे रोखता येतात. आमचं मध्यरात्रीचं वीस हजारांचं व्हाउचर वापरलेलं नव्हतं, ते अडवलं गेलं आणि ती रक्कम परत आली. दुसऱ्या फोनवरून लगेच कार्ड बंद करा आणि मोबाइल कंपनीला सांगून सिमही बंद करा. नवीन सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. तो नियम आपल्याच संरक्षणासाठी आहे, पण त्या दिवसात ओटीपी लागणारं कुठलंही काम होणार नाही हे धरून चला.

आमच्या गावच्या ठाण्यात "घटना तिकडची आहे, तिकडे जा" असं सांगितलं गेलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी दखलपात्र (म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा) गुन्ह्याची माहिती ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. यालाच शून्य क्रमांकाने नोंद म्हणतात. आम्ही कलम सांगितल्यावर नोंद झाली. त्याच दिवशी पार्कला लेखी पत्र देऊन त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगितलं. ही घाई करावीच लागते, कारण जुन्या चित्रणावर नवीन चढत जातं.

बँकेतला अनुभव फार मनस्ताप देणारा होता. काउंटरवरची व्यक्ती एकच वाक्य घोकत होती : "ओटीपी बरोबर पडलाय, म्हणजे तुमच्याकडूनच गेलाय." हे वाक्य ऐकून मान खाली घालून घरी येणारी माणसं किती असतील, या विचाराने मला खरंच वाईट वाटलं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला याबद्दल परिपत्रक काढलं होतं. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणी डल्ला मारला, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भुर्दंड पडत नाही. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे, ग्राहकाची नाही. आम्ही सोमवारीच कळवलं होतं. परिपत्रकाची छापील प्रत, १९३० चा तक्रार क्रमांक आणि फोटोची प्रत जोडून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. नवव्या कामकाजाच्या दिवशी ४९,५०० रुपये तात्पुरते म्हणून खात्यात जमा झाले. अंतिम निर्णय अजून व्हायचा आहे, त्याला नव्वद दिवसांची मुदत असते.

लॉकरच्या भिंतीवर पाटी होतीच : "मौल्यवान वस्तूंची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही." अशी पाटी म्हणजे शेवटचा शब्द असं मी समजत होते. वकील असलेल्या मावसभावाने सांगितलं, की हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिलेली गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं आहे की 'मालकाच्या जोखमीवर' असं छापून हॉटेलला स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटता येत नाही. लॉकरची गोष्ट अगदी तशीच आहे असं नाही. पण कर्मचाऱ्यासारखा टीशर्ट घातलेला परका माणूस दिवसभर लॉकरच्या रांगेत वावरतो आणि कुणी हटकत नाही, याचं उत्तर पार्कला द्यावं लागेल. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची आमची तयारी चालू आहे. ग्राहकांसाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे.

घरी आम्ही काय बदललं तेही लिहिते. सगळ्यांच्या सिमला पिन लावला. फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात सिम लॉक असतो. तो लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर पिन मागतं. हे एकच केलेलं असतं तर त्याच्या हाती काही लागलं नसतं. तो चालू करताना आधी कंपनीचा मूळ पिन विचारला जातो, तो कंपनीकडून खात्री करून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला तर सिम अडकतं आणि ते सोडवणारा पीयूके क्रमांक कंपनीकडूनच घ्यावा लागतो.

दुसरं म्हणजे कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करून ठेवले. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून ही चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय बँकांना द्यावीच लागते. गरज लागते तेव्हा दोन मिनिटं चालू करायचं आणि पुन्हा बंद. आणि कार्ड व फोन एका बॅगेत, एका लॉकरमध्ये कधीच नाही. सहलीला जाताना कार्ड घरीच ठेवतो, लागतील तेवढे रोख पैसे नेतो. लॉकरची किल्ली हातात आली की पट्ट्याचा फोटो काढतो. कुलूप अडलं तर ज्या खिडकीतून किल्ली मिळाली तिथेच परत जातो, रांग कितीही असो.

मागच्या रविवारी सासूबाईंच्या साध्या फोनलाही पिन लावून दिला. त्यांनी तो पोथीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिला होता, तो खोडायला लावला आणि दोघींनी बसून पाठ केला. फ्रिजवरचा फोटो आता पोलिसांच्या कागदांत आहे.