व्हर्च्युअल टॉवरवरची रेडिओ फ्रेजिऑलॉजी: काही महिने वापरल्यावर

रेडिओवर बोलायची ठरीव भाषा, म्हणजे स्टँडर्ड फ्रेजिऑलॉजी, दुकानात मिळत नाही. तरी तिच्याबद्दल वापरानंतरचा अनुभव लिहायला हरकत नसावी, कारण गेले काही महिने रात्रीची जेवणं आटोपली की मी तीच वापरतोय. सिम्युलेटरवर विमानं उडवणारी मंडळी ऑनलाइन नेटवर्कवर जमतात आणि त्यांना वाट करून द्यायला आमच्यासारखे हौशी कंट्रोलर बसतात. १९९८ पासून चालू असलेलं आयव्हीएओ आणि २००१ मध्ये सुरू झालेलं व्हॅटसिम ही त्यातली दोन मोठी नेटवर्कं. मी बहुतेक वेळा मुंबईच्या ग्राउंडवर (जमिनीवर फिरणारी विमानं) आणि टॉवरवर (धावपट्टी) असतो, अलीकडे कुणाच्या तरी देखरेखीखाली अप्रोचवरही (उतरायला येणारी विमानं).

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही भाषा बोलताना जितकी उपयोगी पडते, त्याच्या कितीतरी पट ऐकताना पडते. नवीन लोक ती पाठांतरासारखी शिकतात, आवाज जाड करतात, वैमानिकी थाटाचं इंग्रजी काढतात. पण वाक्यांचा क्रम ठरलेला असण्यामागचा खरा हेतू असा, की समोरच्यानं एक आकडा जरी इकडचा तिकडे केला तरी तो कानाला खटकावा.

अप्रोचवरचा एक प्रसंग घ्या. ‘आयफ्लाय टू वन फोर’ असं रेडिओवरचं नाव असलेल्या विमानाला मी दिशा (हेडिंग) आणि वेग सांगितला, ‘आयफ्लाय टू वन फोर, टर्न लेफ्ट हेडिंग टू थ्री झिरो, रिड्यूस स्पीड टू वन एट झिरो नॉट्स.’ उत्तर आलं, ‘लेफ्ट हेडिंग वन एट झिरो, स्पीड टू थ्री झिरो, आयफ्लाय टू वन फोर.’ आकडे तेच, आवाजात आत्मविश्वास भरपूर, फक्त जागा बदललेल्या. २३० च्या वेगानं दक्षिणेला निघालेलं विमान पुढच्या रांगेत घुसायला फार वेळ लागत नाही. ‘निगेटिव्ह’ म्हणून तीच सूचना पुन्हा दिली, या वेळी तिचे दोन तुकडे करून: आधी दिशा, तिचा रीडबॅक (म्हणजे वैमानिकानं सूचना परत म्हणून दाखवणं), मग वेग. हे मला पकडता आलं कारण ‘हेडिंग’ या शब्दानंतर काय यायला हवं ते कानाला आधीच ठाऊक होतं. तोच माणूस ‘ओके सर, टर्निंग अँड स्लोइंग डाउन’ म्हणाला असता तर माझ्या हातात काहीच लागलं नसतं. रात्री गर्दीच्या वेळी अशी ओके-सरवाली उत्तरं सर्रास येतात, आणि ती सोडून देण्याचा मोह होतो.

काय परत वाचून दाखवायचं हे आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमांत ठरलेलं आहे: मार्गाची परवानगी, धावपट्टीवर येणं, ओलांडणं, उतरणं, उडणं किंवा तिच्याबाहेर थांबणं, वापरातली धावपट्टी, क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब), स्क्वॉक (रडारवर विमान ओळखण्याचा चार आकडी कोड), उंची, दिशा, वेग. वाऱ्याची दिशा परत सांगायची गरज नाही, तरी निम्मे लोक सांगतात आणि धावपट्टीचा नंबर मात्र गाळतात.

रीडबॅक न ऐकण्याची किंमत काय असते याचं उदाहरण १९ फेब्रुवारी १९८९ चं आहे. फ्लाइंग टायगर ६६ हे मालवाहू बोइंग ७४७ सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होतं. कंट्रोलरनं २४०० फुटांपर्यंत खाली यायला सांगितलं, ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’. वैमानिकाच्या कानावर सुरुवातीचा ‘टू’ हा आकडा म्हणून पडलाच नाही. त्यानं परत सांगितलं, ‘फोर झिरो झिरो’. तो रीडबॅक कुणी अडवला नाही, विमान टेकडीवर आदळलं आणि आतले चौघेही गेले. सूचना ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ अशी दिली असती तर घोटाळ्याला जागाच राहिली नसती. ब्रिटिश नियमांत म्हणूनच उंची फुटांत असेल तर ‘डिसेंड टू ऑल्टिट्यूड’ असं अख्खं म्हणतात आणि फ्लाइट लेव्हल (वरच्या थरात, ठरीव दाब धरून मोजलेली उंची) असेल तर मधला ‘टू’ काढून टाकतात. मीही तेच उचललंय. मुंबईत बसून ब्रिटिश सवय कशाला असं कुणी विचारलं तर हे क्वालालंपूर सांगतो.

आता आपल्या सवयींबद्दल. फोन नंबर सांगताना ‘डबल फाइव्ह, ट्रिपल झिरो’ म्हणणं आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की स्क्वॉक ५५३३ दिला की ‘डबल फाइव्ह डबल थ्री’ असंच परत येतं. परदेशातल्या माणसाला हे अजिबात कळत नाही, आणि आपल्यालाही खरखरीत आवाजात ‘डबल’ नेमका कशाचा ते कळत नाही. एकेक आकडा सुटा म्हणायचा. स्क्वॉकमध्ये ० ते ७ एवढेच आकडे असतात, त्यामुळे कुणी ८ किंवा ९ उच्चारला की पडद्याकडे न बघताही चूक कळते. दुसरी सवय ‘सर’ आणि ‘काइंडली’ची. नम्रता चांगलीच, पण ‘काइंडली होल्ड शॉर्ट सर’ (होल्ड शॉर्ट म्हणजे धावपट्टीबाहेर थांबा) या वाक्यात महत्त्वाचं काय ते शोधावं लागतं. फ्रिक्वेन्सीवर आल्या-आल्या ‘नमस्कार’ म्हणण्याला मात्र माझा विरोध नाही. एका ज्येष्ठ प्रशिक्षकानं ते पुस्तकात नाही म्हणून खोडून काढायला लावलं होतं; मला ते पटलं नाही, आणि गर्दी नसेल तेव्हा मी आजही म्हणतो.

तिसरी गोष्ट वेगाची. आयकाओच्या अ‍ॅनेक्स १० मध्ये मिनिटाला शंभर शब्दांपेक्षा जास्त वेगानं बोलू नये असं स्पष्ट म्हटलंय. आमच्यातले अर्धे लोक न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाची रेकॉर्डिंग ऐकून शिकलेले असतात, त्यांना हे सांगून पटत नाही. तिथलं बोलणं ऐकायला झकास वाटतं, पण त्याच्यासोबत अमेरिकी पद्धतही येते. तिथे पुढे दोन विमानं उतरायची बाकी असतानाही तिसऱ्याला उतरायची परवानगी देता येते. आपल्याकडे तसं चालत नाही. दशांशाला ते ‘पॉइंट’ म्हणतात, आपण ‘डेसिमल’. आणि हवेचा दाब ते इंचांत सांगतात, आपण हेक्टोपास्कलमध्ये.

या शेवटच्या फरकाला हसण्यावारी नेऊ नका. दाब ९९२ असताना ‘नाइनर नाइनर टू’ ऐकून इंचांची सवय असलेला माणूस ‘ट्वेंटी नाइन नाइन्टी टू’ लावून बसतो. २९.९२ इंच म्हणजे १०१३ हेक्टोपास्कल. फरक २१ चा, म्हणजे विमान त्याला वाटतं त्याहून साधारण ६०० फूट खाली. ब्रिटनमध्ये दाब १००० च्या खाली गेला की आकड्यामागे ‘हेक्टोपास्कल्स’ जोडतात ते याचसाठी. मुंबईत भर पावसाळ्यातही दाब १००० च्या आसपास घुटमळतो, ९९२ क्वचितच. पण नेटवर्कवर हवामान खरं घेतलेलं असतं आणि आपले लोक हिवाळ्यात उत्तर युरोपात उडायला जातातच.

टॉवरवर सगळ्यात जास्त कस लागतो तो धावपट्ट्यांमुळे. मुंबईच्या ०९-२७ आणि १४-३२ या दोन्ही धावपट्ट्या (जोडीतले आकडे म्हणजे एकाच पट्टीच्या दोन टोकांचे नंबर) एकमेकींना छेदतात. टर्मिनल १ कडून २७ च्या टोकाला जाणारं विमान १४-३२ ओलांडल्याशिवाय पोहोचत नाही. म्हणून ग्राउंडवर असताना ‘टॅक्सी’ एवढं म्हणून भागत नाही. ओलांडायची परवानगी वेगळी, नाव घेऊन द्यावी लागते आणि ‘होल्ड शॉर्ट’ असेल तर ते शब्द धावपट्टीच्या नंबरासकट परत ऐकल्याशिवाय मी पुढच्या विमानाकडे वळत नाही. समोरचा वैतागतो. वैतागू दे.

‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा काढून घेतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’. हा नियम २७ मार्च १९७७ च्या टेनेरिफेच्या अपघातानंतर पक्का झाला. धुक्यात केएलएम आणि पॅन अ‍ॅम यांची दोन जंबो एकाच धावपट्टीवर आदळली, ५८३ माणसं मेली. केएलएमला मिळालेली परवानगी उड्डाणानंतरच्या मार्गाची होती, पण त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ शब्द आला होता. मग केएलएमकडून आलं, ‘वी आर नाऊ अ‍ॅट टेक-ऑफ’. त्याचा अर्थ टॉवरनं एक लावला, विमान दुसरंच करत होतं. पुढचे निर्णायक शब्द दोन प्रक्षेपणं एकमेकांवर चढल्यानं शिट्टीसारख्या आवाजात बुडाले. आमच्या नेटवर्कवरही दोघं एकदम बोलले की तसाच कर्कश आवाज येतो, आणि तो आला की मी कुणाचं तरी काहीतरी राहिलं असंच धरून चालतो.

एक प्रकार मी टाळायला लागलोय: अटीवरची परवानगी, म्हणजे उतरायच्या बेतात असलेलं अमुक विमान पुढे गेलं की त्याच्यामागे धावपट्टीवर येऊन उभं राहा, अशी. ‘बिहाइंड द लँडिंग एअरबस ऑन शॉर्ट फायनल, लाइन अप बिहाइंड’. यात अट शेवटी पुन्हा म्हणायची असते आणि ते विमान कंट्रोलर व वैमानिक दोघांनाही दिसत असलं पाहिजे. इथेच व्हर्च्युअल जगाची गंमत आहे. समोरच्याच्या संगणकात त्या विमानाचं मॉडेल नसेल तर सॉफ्टवेअर हाताशी असेल ते चिकटवतं. मी एअर इंडियाचं एअरबस म्हणतोय आणि त्याला तिथे भलत्याच कंपनीचं बोइंग दिसतंय. असं झालं की माणूस प्रामाणिकपणे दुसऱ्याच विमानाची वाट बघत बसतो. प्रत्यक्षात अडचणीचं नसलेलं वाक्य इथे अडचणीचं ठरतं. मी सरळ ‘होल्ड शॉर्ट’ ठेवतो आणि विमान उतरून पुढे गेलं की ‘लाइन अप अँड वेट’ देतो. थोडा वेळ जातो.

आणि या भाषेत आमच्या गरजेचं बरंच काही नाहीच. सिम्युलेटर अडकला, कुणी पॉज करून दार उघडायला गेला, कुणाच्या जुन्या सीनरीत टॅक्सीवेच नाही, कुणी आवाजाऐवजी फक्त टाइप करतोय, कुणी थेट धावपट्टीवरच प्रकट झाला: यांपैकी कशालाही ठरीव वाक्य नाही. तिथे साधं, छोटं इंग्रजी. पुस्तकाला धरून बसणारे इथे गोंधळतात. अगदी नवख्या माणसाला मी आधी फ्रिक्वेन्सीवर थांबवतो आणि खाजगी मेसेजमध्ये मराठी-हिंदीत समजावतो. सगळ्यांदेखत ‘अफर्मेटिव्ह नाही, अफर्म’ (‘हो’साठीचा ठरीव शब्द) अशी दुरुस्ती करण्यात काही हशील नाही.

शब्द बरोबर असले म्हणजे सगळं सुरक्षित, असंही समजू नका. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदियाचं ७४७ आणि कझाकस्तानचं इल्यूशिन धडकलं, ३४९ जण गेले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. कंट्रोलरकडे रेडिओवर ऐकलेल्या शब्दाखेरीज काही नव्हतं. आमच्या पडद्यावर प्रत्येक लेबलात उंची झळकते, त्यामुळे उलटा आजार जडतो: डोळे बघतायत म्हणून कान सैल सुटतात. उंची तेव्हा बदलते जेव्हा विमान निघालेलं असतं. रीडबॅक त्याच्या आधी येतो. मी शेजारी साधी वही ठेवतो, दिलेली उंची लिहितो आणि परत ऐकली की खाली रेघ मारतो. रेघ नसलेली ओळ म्हणजे काम बाकी.

काय वाचायचं असं बरेच जण विचारतात. आयकाओचं मूळ साहित्य, म्हणजे डॉक ४४४४ मधलं बारावं प्रकरण आणि डॉक ९४३२ हे रेडिओटेलिफोनीचं मॅन्युअल, विकत घ्यावं लागतं. छंदासाठी तेवढा खर्च नको असेल तर ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाचं सीएपी ४१३ फुकट उतरवून घ्या. उदाहरणांसकट आहे आणि वाचायला सोपं आहे. फक्त त्यातलं ‘बेसिक सर्व्हिस’, ‘ट्रॅफिक सर्व्हिस’ वगैरे ब्रिटनपुरतं आहे, ते मुंबईत आणू नका. अमेरिकी कंट्रोलरांचं नियमपुस्तक ७११०.६५ देखील मोफत आहे, पण ते पहिलं वाचलंत तर वरच्या सगळ्या खोडी सोबत येतील. वाचण्याआधी काही संध्याकाळी नुसतं निरीक्षक म्हणून बसा, आणि कंट्रोलरऐवजी वैमानिकांची उत्तरं कागदावर उतरवा.

महागडा हेडसेट लागत नाही, बोलताना दाबायची कळ मात्र हवीच; आवाज ओळखून आपोआप चालू होणारा माइक घरातला पंखा आणि कुकरची शिट्टी सगळ्या मुंबई फ्रिक्वेन्सीला ऐकवतो. माइक तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला ठेवा, नाहीतर ‘फ’ फुटतो आणि ‘फोर’ की ‘फाइव्ह’ हे समोरच्याला पुन्हा विचारावं लागतं.