म्हादईच्या उगमापर्यंत ‘हेलिकॉप्टर सफारी’: पैसे भरण्याआधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक जाहिरात फिरते आहे. सांबरा विमानतळावरून उड्डाण, जांबोटीच्या जंगलावरून वज्रपोहा धबधबा, मग म्हादईच्या पात्राच्या कडेकडेनं थेट उगमापर्यंत. उगमाजवळ उतरून जेवण आणि परत. माणशी साडेआठ हजार. ही सफारी शुद्ध थाप आहे. आमच्या घरच्या चौघांचे पैसे यात गेलेत, म्हणून लिहितोय.

नदीचं पाणी वळवण्याच्या कळसा-भांडुरा योजनेचा वाद आणि 2018 चा पाणीवाटप लवादाचा निवाडा, यामुळे म्हादईचं नाव आपल्याकडे घराघरात आहे, पण उगम पाहिलेली माणसं फार थोडी. माझे वडील खानापूर तालुक्यातले. गुडघ्यांमुळे आता रानात चालणं होत नाही, निदान वरून तरी बघू दे, एवढंच मनात होतं. फोनवरचा मुलगा त्यांच्याशी अगत्यानं बोलायचा, “काका, मीपण तिकडचाच. तुम्हाला खिडकीजवळची सीट ठेवतो.” म्हाताऱ्या माणसाची हौस हेरून पैसे उकळणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

आधी निम्मा ॲडव्हान्स, मग ‘जंगल परवाना’, मग ‘हवामान विमा’. क्यूआर स्कॅन केला की कंपनीऐवजी कुणा व्यक्तीचंच नाव यायचं. विचारलं तर म्हणे, आमच्या अकाउंटंटचं खातं. तिकीट मात्र चोख: प्रत्येकाचं वजन, सीट नंबर, खाली पायलटची सही. ठरल्या दिवशी विमानतळाच्या गेटवर चौकशी केली, तर अशा उड्डाणाची तिथं कुणालाच खबर नाही. फोन केला. ढगांमुळे रद्द, रिफंड पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका! बायकोनं तिथंच माझा हात धरला. पैसे यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे जातात.

त्या तिकिटावरचा फोटो मोठा करून बघा. हेलिकॉप्टरच्या शेपटीवरचा नंबर इंग्रजी ‘एन’नं सुरू होतो, ती अमेरिकेतली नोंदणी. आपल्याकडच्या विमान-हेलिकॉप्टरांवर ‘व्हीटी’ असतं. भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या कंपनीकडे डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या वेबसाइटवर असते. शिवाय उगम भीमगड अभयारण्यात आहे. तिथं पायी शिरायलाही वनखात्याची परवानगी लागते, तर हेलिकॉप्टर उतरवून पंगत कोण बसवू देईल? केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटांच्या नावानंही असेच गंडे घातले जातात. पण तिथं खरी सेवा आहे, आयआरसीटीसीच्या वेबसाइटवर ताडून बघता येतं. इथं ताडायला काहीच नाही.

पैसे गेले असतील तर त्या मुलाशी हुज्जत घालत बसू नका. आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त. आमची शेवटची रक्कम अशीच अडवली गेली, आधीच्या गेल्या. चॅट डिलीट करू नका, प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) लिहून ठेवा. पोलिसांत तक्रार कन्नडमध्ये लिहिली गेली तर सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या, रकमा आणि तारखा जुळतात का बघा. आणि ग्रुपमधल्या एकानं तक्रार दिली म्हणून बाकीच्यांनी थांबू नका. ज्याच्या खात्यातून पैसे गेले, त्यानं आपली वेगळी नोंद करायलाच हवी.